वीतभर नळी, निळा कागद

प्रवासाहून परतलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय आणलंत? मी श्रावणात आठ-दहा दिवस सातारा-सांगलीच्या मुलखात जीपमधून हिंडलो आणि काय आणलं, हे आमच्या आळीत अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की ऐकणाऱ्याच्या हातात नेमकी चहाची बशी असते. म्हणून लिहूनच काढतो. वाचणाऱ्यांनी फराळ आधी उरकून घ्यावा.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी सुलभा, आमची सुलू, डॉक्टर झाली. आमच्या घराण्यात तोवर औषध म्हणजे सुंठ आणि शस्त्रक्रिया म्हणजे पायातला काटा काढणं. ही मुलगी सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जनच्या हाताखाली शिकत होती. तिच्या सरांकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रोगी येत ते फार उशिरा. परसाकडेला रक्त पडलं की आपल्याकडे मूळव्याध म्हणायचं, सुरण खायचा आणि वर्ष-दोन वर्षं अंगावर काढायचं. मग सरांच्या हाती फक्त पोट उघडून पुन्हा शिवणं उरायचं.

तेव्हा, काही होत नसताना, धडधाकट दिसणाऱ्या माणसांतच हा रोग शोधायचा कसा? इथे गुरु-शिष्येत मतभेद. सरांचा विश्वास पोलादी नळीवर. ती खालून आत घालायची, तिच्या टोकाला दिवा, डोळ्यांनी आतडं बघायचं. सुलूचा विश्वास कागदावर. एका परदेशी झाडाच्या डिंकात भिजवलेले, पत्त्याच्या पानाएवढे कागद. माणसाने तीन दिवस रोज एकेका कागदावर काडीने आपल्या शौचाचा ठिपका लावायचा. नंतर त्यावर औषधाचा थेंब टाकला की डोळ्यांना न दिसणारं रक्तही निळ्या रंगात उमटतं. नळीला डॉक्टर लागतो, कागदाला नुसती काडी.

"मुली, कागदावर मी पत्र लिहितो, निदान करत नाही," सर म्हणाले होते. तरी त्यांनी तिला जीप दिली, नळी दिली, आणि अट घातली. दोन्ही पद्धती त्याच माणसांवर वापरून बघ. कागद फोल ठरला तर पुन्हा जीप मागायची नाही, गुमान वॉर्डात काम करायचं.

सुलूचा दोन वर्षांचा खटाटोप या एका फेरीवर अवलंबून होता. आणि सोबतीला कोण? तर मी. एकटी पोर खेड्यापाड्यांतून हिंडणार म्हणून माझ्या भावाने मला राखणीला धाडलं. मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवतो. बायको म्हणाली, "पोरीला सांभाळायला तुम्ही? तुम्हाला सांभाळायला कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर बाबालालभाई. पलटणीतून निवृत्त झालेले, दवाखान्याचे ड्रायव्हर.

सोमवार : वडूजच्या पलीकडे

श्रावण निवडण्यात सुलूची हुशारी होती. मटण खाल्लं तर कागद उगाच निळा होतो, म्हणून तीन दिवस मांसाहार बंद ठेवावा लागतो. एरवी हे सांगायची कुणाची छाती होती? श्रावणात गावच्या गाव आपोआपच बंद पाळतं. देवाधर्माने तिचं अर्धं काम करून ठेवलं होतं.

उरलेलं अर्धं मी केलं. म्हणजे बिघडवलं. पण ते पुढे.

दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. माळावर कोवळी बाजरी डुलत होती. साताऱ्याच्या हिरव्या डोंगरांतून उतरून गेलं की इथलं आभाळ एकदम मोठं होतं. गाव फौजींचं. घरटी एक माणूस लष्करात किंवा लष्करातून परतलेला. कागद आणि मी काढलेला सूचनेचा तक्ता ग्रामसेवकाने आठवडाभर आधीच वाटलेला. शाळेच्या ओसरीवर पेन्शनर मंडळी तीन-तीन कागदांचे लिफाफे घेऊन बसलेली. पण सुलूने नळी बाहेर काढली तेव्हा ओसरी भराभर रिकामी होऊ लागली.

"फॉल इन!" मागून आवाज आला. सुभेदार शंकरराव. सत्तरीला आलेले, मिशा अजून तैनातीवर.

"सुभेदारसाब, पोर हाय ती," एकजण कुजबुजला. "तिच्यापुढं कसं...?"

"भरतीच्या वक्ताला डाक्टरनं कुठं कुठं बगितलं रं तुझं? तवा लाज कुठं हुती?"

"तवा डाक्टर बाप्या हुता."

"मंग आता बाई हाय. अडचण तिला व्हायला पायजे, तुला कशापायी? पयला नंबर माझा."

आणि सुभेदार ताडताड पडद्याआड गेले. पडदा म्हणजे शाळेची सतरंजी, तिचं एक टोक माझ्या हातात. एनिम्याचं खातं बाबालालभाईंनी उचललं, पलटणीच्या इस्पितळात त्यांनी दोन वर्षं काढलेली. मी पाठ फिरवून उभा, शाहू महाराजांच्या तसबिरीकडे बघत.

सुभेदारांच्या आतड्यात सुलूला देठावरच्या वाटाण्याएवढी गाठ दिसली. अजून साधी असेल, पण वाढली तर कॅन्सर व्हायची भीती. "सांगलीला येऊन काढून टाकायची," तिने सांगितलं. सुभेदार म्हणाले, "येतो. बाकीच्यास्नी बगा." बाकीच्यांत काही सापडलं नाही.

मग कागद. रंग वाचायचं काम माझं. निळा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. आकाशी, अस्मानी, मोरपंखी, शाईचा, सगळे मी तीस वर्षं पोरांच्या वह्यांत तपासले आहेत. सुलूने थेंब टाकला, मी ऐटीत चष्मा सारखा केला. पहिला कागद निळा. दुसरा निळा. पाचवा, सातवा, नववा. ओसरीवरचं निम्मं गाव माझ्या डोळ्यांसमोर निळं झालं. गणपत हवालदार म्हणून एक शिडशिडीत गृहस्थ होते, त्यांचा तर इतका गडद की मी "आई गं" म्हणालो.

सुलूने माझ्याकडे बघितलं नाही. तिने हवालदारांना विचारलं, "काल जेवणात काय होतं?"

"भाकरी, घेवड्याची आमटी अन् मुळा."

"परवा?"

"मुळाच की. श्रावणाचं दुसरं काय तोंडी लावणार? कच्चा, मीठ लावून. लय ग्वाड हाय औंदा."

सुलू हळूच म्हणाली, "काका, तक्त्यावर मुळा होता ना? कच्च्या मुळ्यानेही कागद निळा होतो, मी तुम्हाला लिहून दिलं होतं."

आता कबूल करतो. तक्त्यावर मी बोकड काढला होता, कोंबडी काढली होती, दोघांवर तांबड्या फुल्या. बोकड तर असा उतरला होता की लोकांनी तो भिंतीला लावून ठेवला होता. मुळा मी आधी काढला आणि मग खोडला. लांबडा, पांढरा, खाली एका कोपऱ्यात लोंबकळणारा. चित्राचा तोल जात होता हो! एका मास्तराच्या तोलापायी अख्ख्या गावाच्या पोटात कॅन्सर दिसू लागला.

सुलू रागावली नाही. तेच जास्त लागलं. "गुरुवारी परत येऊ," एवढंच म्हणाली आणि नवे कागद वाटले. मी त्याच ओसरीवर बसून प्रत्येक लिफाफ्यावर मुळा काढला, पानांसकट. सुभेदार वाकून बघत म्हणाले, "मास्तर, बोकड झ्याक जमला हुता तुमाला. ह्यो जरा गाजरावानी दिसतोय."

मंगळवार-बुधवार : कवठे महांकाळ

इकडे जमीन आणखी रोडावते, माणसं आणखी पाहुणचार करतात. दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची कडक भाकरी आमच्या साताऱ्यात कुणी पाहुण्याला वाढणार नाही, साधं वाटतं म्हणून. इथे ती तीन वेळा आग्रहाने वाढली आणि मी तिन्ही वेळा नको-नको म्हणत संपवली.

इथे पलटण नव्हती, त्यामुळे नळीला एकही माणूस तयार होईना. पुरुष हसून उठून गेले. बायकांनी तर नळी बघून पदर तोंडाला लावला. पण कागद? आठवडाभर आधी इथेही वाटलेले कागद त्यांनी दिले. कुंकवाच्या करंड्यात, बांगड्यांच्या डब्यात, पदराच्या गाठीत. दोघी-तिघींनी कागदाला आधी हळदकुंकू लावलं होतं, डॉक्टरीणबाईंनी दिलेला म्हणून. हळदीतून निळा वाचायचा म्हणजे माझी परीक्षाच होती, पण तिथे मुळा पिकत नव्हता आणि ते सगळे कागद पांढरे निघाले.

सुलू मला म्हणाली, "बघितलंत काका? जी तपासणी कोणी करूनच घेत नाही, ती कितीही चांगली असली तरी काय शोधणार?"

मी मान डोलावतोय तोच पांढरा पटका बांधलेले एक आजोबा आले. त्यांनी सुलूपुढे कागदांची गड्डीच ठेवली. सात माणसांचे एकवीस कागद, प्रत्येकावर नाव, प्रत्येकावर ठिपका, अगदी एकसारखा.

"आजोबा, घरातल्या सगळ्यांनी दिले? फार छान!"

"त्येंनी कशाला? मी भरलं समदं."

"म्हणजे?"

"आवं बाई, फारम हाय न्हवं? सोसायटीचा फारम, रेशनचा फारम, घरातला थोरला म्हणून मीच भरतो. ह्यो बी भरला. तीन दिस लय कष्ट पडलं, पर एक बी कागुद कोरा सोडला न्हाई."

बाबालालभाई तोंड फिरवून जीपचं बॉनेट उघडू लागले. सोमवारपासून सुलू पहिल्यांदा हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने आजोबांना जवळ बसवून समजावलं, की बाकी फॉर्म घरासाठी असतात, हा ज्याच्या-त्याच्या पोटासाठी असतो. आजोबा विचारात पडले. "असं म्हणता? मंग सुनेला सांगावं लागंल. ते तुमीच सांगा, मला न्हाई जमायचं." सुलू आजोबांच्या घरी थेट स्वयंपाकघरात गेली आणि तासभराने बाहेर आली. येताना तिच्या ओटीत खोबऱ्याची वाटी होती आणि सहा माणसांनी स्वतः कागद द्यायचं कबूल केलं होतं.

गुरुवार : परत वडूजकडे

शाळेची ओसरी, तीच मंडळी. मुळा कुणी शिवला नव्हता. सुभेदारांनी हुकूमच काढला होता. मी चष्मा पुसला, पण ऐट केली नाही. पांढरा. पांढरा. पांढरा. एकेक कागद वाचताना मी पोरीच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होतो. गाव निरोगी निघत होतं आणि कागद खरा ठरत होता.

सुभेदारांचे तीनही कागद पांढरे. मी सुलूकडे बघितलं. गाठ होती हे आम्हाला ठाऊक होतं. ती अजून रक्त गाळत नव्हती, म्हणून कागदाला तिचा पत्ता नव्हता. सुलूने पुढचा लिफाफा घेतला.

गणपत हवालदारांचे तीनही निळे.

सोमवारी त्यांच्या आतड्यात नळी पूर्ण गेली होती आणि स्वच्छ निघाली होती. सुलू त्यांना म्हणाली, "सांगलीला चला. आतड्याचा एक्स-रे काढू."

"आवं, तुमीच म्हणालासा की काय न्हाई म्हणून!" हवालदार हसले. "सवताच्या डोळ्यानं बगितलंसा. आन् आता कागदाच्या चिटुऱ्यावर इस्वास ठिवून भांगलणीच्या दिसात सांगली गाठू व्हय?"

"दमायला होतं का हल्ली?"

"वय झालं. बांध चढलो की छाती भरती. त्येचं काय एवढं?"

तेव्हा मला त्यांचा रंग दिसला. सोमवारीही दिसला होता, पण मी ओसरीच्या सावलीवर ढकलला होता. हाताच्या तळव्यांना रक्त आटल्याचा, मेणासारखा पिवळटपणा. तीस वर्षं रंग शिकवून मला एवढं कळायला चार दिवस लागले.

मी उठून शाळेच्या फळ्यावर खडूने मोठं आतडं काढलं. खालून वर, आडवं, मग दुसऱ्या बाजूने खाली, उलट्या चौकटीसारखं. पुरुषभर लांबीचं. त्यावर नळीची पोच दाखवली. वीतभर.

सुभेदार म्हणाले, "गणपा, हिरीत चार हात दोर सोडला आन् घागर न्हाई लागली, म्हणून हिरीत घागरच न्हाई असं म्हणशील का रं?"

"न्हाई."

"मंग बस जीपमदी. भांगलणीला माझी माणसं देतो."

हवालदार आणि त्यांची मंडळी, सोनाबाई, कपडे बांधून जीपमध्ये बसली. शेजारी सुभेदार, आपला वाटाणा काढून घ्यायला.

मधे एका वळणावर चहाला थांबलो. बाकीचे हॉटेलात, सुलू आणि मी जीपमध्ये वही भरत होतो. अक्षर माझं, म्हणून वही माझ्याकडे. सुभेदारांचं नाव आलं आणि माझा टाक थबकला. हे लिहिलं की सर तेच धरून बसणार. कागद पांढरा, आत गाठ. सुलूची जीप गेली.

"सुलू, सुभेदारांचा कागद प्रवासात भिजला असं म्हटलं तर?"

"भिजला होता का?"

"नाही. पण पोरी, मुळ्यामुळे तुझे चार दिवस मी घालवले. एवढं तरी..."

"काका, उद्या असाच कोणी पांढरा कागद घेऊन घरी जाईल आणि वर्षभर निर्धास्त राहील. त्याला कोण सांगणार की कागदही चुकतो?" तिने वही माझ्याकडे सरकवली. "लिहा. तीन कागद पांढरे, नळीत गाठ. ठळक लिहा."

मी ठळक लिहिलं. ही पोर माझ्या मांडीवर बसून रंगाच्या वड्या चाखायची. त्या क्षणी मला तिच्याशी काका म्हणून बोलायचं धाडस होईना.

सांगली

सर उंच, कमी बोलणारे. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मुळाही वाचला, आजोबांचे एकवीस कागदही. सुभेदारांपाशी बोट ठेवलं.

"तुझ्या कागदाने हा सोडला."

"हो सर."

बोट खाली सरकलं. "आणि हा?"

"हा नळीने सोडला, सर. माझा अंदाज आहे, वर उजवीकडे काहीतरी असावं."

"अंदाज," सर म्हणाले. पण एक्स-रेची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली.

त्या तपासणीचंही सांगतो. आदल्या दिवशी एरंडेल पाजून आतडं धुऊन काढतात, मग खालून बेरियमचं पांढरं पाणी भरतात आणि फोटो घेतात. सगळं आतडं दिसतं, नळीसारखं वीतभर नव्हे. पण त्याला मोठं यंत्र लागतं, दोन दिवस लागतात, आणि बारीक गाठ त्यातही निसटते. परदेशात म्हणे आता लांब, वळणारी दुर्बीण निघाली आहे, ती सगळीकडे फिरते. आपल्याकडे केव्हा येईल ती येवो. तोवर मला उमगलेलं एवढंच, की तपासणाऱ्या डॉक्टरचं बोट दारापर्यंत जातं, नळी उंबऱ्याआत, बेरियम घरभर, आणि कागद कुठेच जात नाही, पण घराघरांत पोचतो आणि कुठल्या दारावर थाप मारायची ते सांगतो. तेही दर वेळी खरं नाही.

सरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यावर पांढरं आतडं, माझ्या फळ्यावरच्या चित्राहून कितीतरी देखणं. उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीला, कड उंदराने कुरतडल्यासारखी. सरांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कॅन्सरच. पण रोगी लवकर आलाय." एवढंच.

सुभेदारांची गाठ नळीतूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी ते हवालदारांच्या खाटेशी मिशा पिळत बसले. हवालदारांना आधी रक्त चढवलं, त्यातली एक बाटली बाबालालभाईंची. त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, ऑपरेशन.

थिएटरबाहेरच्या बाकावर मी आणि सोनाबाई. अडीच तासांनी दार उघडलं. पुढे सर, मागे सुलू, टोपीखाली चेहरा घामेजलेला. सोनाबाई धडपडून सरांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, कसं हाय?"

सर बाजूला झाले. "यांना विचारा. शोधलं यांनी."

सुलूने त्यांचा हात धरला. "गाठ अख्खी निघाली, मावशी. लिव्हर स्वच्छ आहे, कुठे पसरलेलं दिसत नाही. अजून काही दिवस जपायचं, पण वेळेवर आलात."

सोनाबाईंनी डोळे पुसले. मला वाटलं आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या बाकावर माझ्याजवळ ठेवलेल्या सुलूच्या कागदांच्या पिशवीकडे बघत होत्या.

"बाई, मला बी द्या की त्यो कागुद. गावात समदी बापयंच रांगेत हुती. आमाला कुणी इचारलंच न्हाई."

सुलू पिशवी उघडायला वळली, पण आखडलेल्या बोटांना नाडी सुटेना. अडीच तास पोटाची चीर उघडी ठेवणारे लोखंडी आकडे धरून उभी होती पोर. तेव्हा सरांनीच पिशवीत हात घातला, तीन कोरे कागद काढले, बाकावर बसले आणि खिशातलं पेन उघडलं.

"बसा बाई," ते म्हणाले. "पूर्ण नाव सांगा."